फुलपाखरांची ग्रीष्मातील विरलता (खानदेश)

चैत्राच्या उत्तरार्धापासून मृगाच्या पावसापर्यंत धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील माळ, बांध आणि कुरणे यांवर फुलपाखरे व इतर पुष्कळसे कीटक तुरळक दिसतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलखात पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर याच महिन्यांत पडतो. वैशाखात पारा चाळीस अंशांची मर्यादा सहज ओलांडतो, आणि ज्या कोवळ्या पानांवर सुरवंट पोसावयाचे ती तोवर वाळून गेलेली असतात. टाकळ्यावर वाढणारी फिकट पांढरी फुलपाखरे श्रावण-भाद्रपदात विपुल असतात व टाकळा सुकला की विरळ होतात. उलट भर उन्हात हिरवी राहणारी रुई ज्याच्या सुरवंटाचे अन्न, ते नारिंगी-काळे फुलपाखरू वैशाखातही नजरेस पडते.

या अदृश्यतेस विनाश समजणे योग्य नव्हे. प्रौढ फुलपाखरांचे आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे. परंतु अंडी, सुरवंट, कोश किंवा प्रौढ यांपैकी एखाद्या अवस्थेत, शरीरव्यापार मंद करून, पुष्कळ जाती आपापल्या परीने हा काळ कंठतात. गवतावर वाढणारे व तिन्हीसांजेस उडणारे एक तपकिरी फुलपाखरू (मेलॅनायटिस लीडा) तर ऋतुपरत्वे वेषच पालटते : पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठळक नेत्राकृती ठिपके असतात, आणि कोरड्या ऋतूतील पिढी पाचोळ्यात हुबेहूब वाळके पान दिसते.

खरी चिंता भाद्रपदातील उणिवेची, कारण तेव्हा अन्न व ओल दोन्ही मुबलक असतात. 2002 साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीमुळे बोंडअळीवरील फवारण्या प्रारंभी घटल्या, तरी मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांवरील औषधे सुटली नाहीत, आणि पुढे गुलाबी बोंडअळीही त्या वाणास दाद देईनाशी झाली. निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून बांधावर तणनाशक मारले जाते, त्यात टाकळा, रुई आणि रानगवत एकदमच जातात; मग ग्रीष्म तगून गेलेल्या पिढीस अंडी घालण्यास जागा उरत नाही. महसुली दप्तरात पर्जन्यमान, पीकपाहणी व पैसेवारी काटेकोर नोंदली जाते. कीटकांच्या चढउतारास तेथे रकाना नाही, ही उणीव प्रस्तुत लेखकास गंभीर वाटते.

पांझरेच्या काठची जुनी फड बागायत आणि तिचे पाट, लळिंगचे कुरण, अनेर व यावल ही अभयारण्ये यांचे मोल कीटकांचा आसरा या दृष्टीनेही जाणले पाहिजे. टाकळ्याचे बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळी उलटेपर्यंत, बांधाची एक कड न फवारता राखणे हा उपाय मात्र प्रत्येक खातेदाराच्या हातचा आहे.