डिंकाचा लाडू कोणत्या दप्तरात सापडतो?

थंडी पडली की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. घरात डिंक तळल्याचा वास आणि फोनवर 'आपल्या पूर्वजांचं पाच हजार वर्षांचं विज्ञान' असे मेसेज. पहिल्या गोष्टीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसरीबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण घरगुती औषधांचा इतिहास हाच माझ्या संशोधनाचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, लाडवाचा कसला आलाय इतिहास? तर आधी त्याचं साहित्य मांडून बघू.

खारीक घ्या. ओमानमध्ये खजुराची अर्धी कच्ची फळं मोठ्या तांब्याच्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात. या मालाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारत. मस्कतहून गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरायची ती हीच खारीक. आता जायफळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते इंडोनेशियातल्या बांदा बेटांखेरीज फारसं कुठे पिकतच नव्हतं. त्या व्यापाराची मक्तेदारी मिळवायला डच कंपनीने 1621 मध्ये बांदा जिंकलं, तेव्हा तिथले बहुतेक लोक मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. आणि तरीही जायफळ चरकसंहितेत आहे! म्हणजे 'प्राचीन' आणि 'बाहेरून आलेलं' या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. खसखशीचं उलटं आहे. अफू आणि खसखस चरक-सुश्रुतांत नाही, ती मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत येते. एकाच लाडवात असे वेगवेगळे काळ एकत्र वळलेले असतात.

मग ग्रंथांतून आलेलं काय आहे? तर ऋतूचा हिशोब. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध आणि पचायला जड अन्न घ्यावं, असं चरक सांगतो. तूप, दूध, उसाचे पदार्थ, हे सगळं त्यात आहे. पण ते झालं तत्त्व. डिंक किती तापलेल्या तुपात टाकायचा, हे तत्त्वातून कळत नाही. तूप कमी तापलं तर डिंक आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. फार तापलं तर बाहेरून करपतो, आत तसाच. डिंकातल्या ओलाव्याची वाफ होते म्हणून तो लाहीसारखा फुलतो. म्हणूनच मोठे खडे आधी फोडून, थोडे थोडे तळायचे आणि एक खडा वाटीखाली चुरून बघायचा. हे ज्ञान हाताचं आहे.

इथेच माझ्यासारख्या विद्यार्थ्याची खरी अडचण सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छपाई वाढली आणि कागदावर या लाडवाची वाटणी झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' 1910 चं. हे झालं पाकशास्त्राचं कपाट. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' लिहिलं, 1907 मध्ये वैद्यांचं अखिल भारतीय संघटन उभारलं. ते वैद्यकाचं कपाट. एकात लाडू हा पदार्थ, दुसऱ्यात डिंक हे द्रव्य.

आणि तिसरं कपाट आपल्या लक्षातच येत नाही: जंगल खात्याचं. चांगला डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा. मेळघाटात कोरकू कुटुंबं धावड्याचा डिंक गोळा करतात, तोही कोरड्या, उन्हाच्या दिवसांत. आपण थंडीत खातो तो कुणीतरी उन्हाळ्यात वेचलेला असतो. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातून असा माल परवानगीशिवाय आणणं हा गुन्हा ठरला. डिंक वेचणारा माणूस त्या दप्तरात येतो तो बहुधा परवाना, महसूल नाहीतर दंड या रकान्यांत. गौण वनोपजावरचा हक्क कायद्याने मान्य व्हायला 2006 साल उजाडलं.

तीन दप्तरं, आणि तिन्हींत दोन माणसं जवळजवळ बिननावाची: डिंक वेचणारी आणि लाडू वळणारी. 'पूर्वजांचं विज्ञान' म्हटलं की श्रेय थेट ऋषींना जातं आणि ही दोघं पुन्हा गळतात. माझा आक्षेप एवढाच आहे. लाडू गुणकारी आहे की नाही, हे इतिहास ठरवू शकत नाही. जुनं आहे म्हणून औषधी, असंही तो सांगत नाही. कुणाच्या कष्टावर आणि कुणाच्या हातावर तो उभा आहे, एवढं मात्र नक्की सांगू शकतो.

तेव्हा एक विनंती. घरात आजीची, पणजीची हाताने लिहिलेली वही असेल, बाळंतिणीच्या लाडवांचं, काढ्याचं प्रमाण लिहिलेली, तर ती रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढा. कुणी लिहिली, माहेर कुठलं, सासर कुठलं, साधारण कधी लिहिली, हे मागे पेन्सिलने नोंदवा. आणि वहीच नसेल तर यंदा लाडू वळताना शेजारी बसा, मूठभर म्हणजे किती ते मोजा आणि लिहून ठेवा. नावासकट.