मेमरी अपुरी पडते तेव्हा : ताडकळसची ओवी आणि चित्रसंकलनाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील ताडकळस या गावी, एका लहानशा व्हिडिओ स्टुडिओत आम्ही मराठीचे तीन अध्यापक रात्री उशिरापर्यंत बसून होतो. लग्नाच्या चित्रफिती जोडून देणे हा त्या स्टुडिओचा मुख्य व्यवसाय. आम्ही मात्र जात्यावरच्या ओव्यांचे सुमारे चाळीस मिनिटांचे चित्रण घेऊन गेलो होतो. सगळी जुळणी झाली होती. आता फक्त अखेरची फाइल तयार व्हायची होती. ती काही केल्या होईना. दर वेळी शेवट जवळ आला, की पडद्यावर एक चौकट उमटे, मेमरी अपुरी असल्याचे सांगे आणि सॉफ्टवेअर बंद पडे. चौथ्या खेपेला स्टुडिओतला तरुण खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "मेमरी पुरंना, सर. गाणे थोडे कमी करावे लागतेत."

त्याने यादीही केली. सात ओव्या काढायच्या, दोन ओव्यांमधली नुसत्या जात्याच्या घरघरीची जागा कापायची आणि मूळ चित्रणाच्या फाइली पुसून संगणकावर जागा मोकळी करायची. आम्हाला यातले काही कळत नव्हते, झोपही अनावर झाली होती; त्यामुळे आम्ही जवळजवळ होकार दिला होता. स्मृती अपुरी पडते म्हणून आठवणच कमी करायची, हा उपाय त्या क्षणी आम्हाला विसंगत वाटला नाही, याचे आज आश्चर्य वाटते. परंतु चित्रसंकलनाचा इतिहास पाहू गेल्यास ही चूक काही आमच्यापासून सुरू झालेली नाही, असे दिसते. त्या इतिहासाचा आणि त्या रात्रीचा परस्परसंबंध मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ताडकळस हे नाव ओवीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात येथील गंगूबाई अंबोरे यांचा आवाज जपला गेला आहे. त्या सीतेचा वनवास गातात. रानात रडणाऱ्या सीतेचे ऐकून घ्यायला माणूस नाही. बोरी-बाभळीच बायका होऊन तिची समजूत घालतात, ही त्यांच्या ओवीतली कल्पना ज्याने एकदा ऐकली तो ती विसरत नाही. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पात गोळा झाल्या. त्यांतील काही भागाचे ध्वनिमुद्रण १९९०च्या दशकात झाले आणि त्या कामी बर्नार्ड बेल या संगीताच्या व संगणकाच्या अभ्यासकाचा मोठा वाटा होता. पॉयटविन २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या. पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून तो आवाज, शब्द, छायाचित्रे आणि चित्रफिती यांसह लोकांपुढे येऊ लागला.

ओव्यांचे संकलन आपल्याकडे त्याआधीही झालेच होते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आणि लोकसाहित्य समितीच्या वतीने सरोजिनी बाबर यांनी सिद्ध केलेले ग्रंथ यांचे ऋण मोठे आहे. मात्र छापील पानावर ओवी आली, की तिचे शब्द राहतात आणि जाते नाहीसे होते. पहिली ओळ संपताना खुंट्यावरचा हात बदलतो, मुठीने वैरण घातली जाते, श्वास घेतला जातो आणि मगच दुसरी ओळ येते. ही मधली जागा रिकामी नसते. ओवीचा छंद तेथेच घडतो. जनाबाईच्या गंगाखेडच्या या जिल्ह्यात, दळणाबरोबर देवाला बसवणाऱ्या संतकवयित्रीच्या मुलखात, हे वेगळे सांगावे लागू नये. स्टुडिओतल्या त्या यादीत कापण्यासाठी खूण केलेली जागा नेमकी हीच होती.

आता संकलनाकडे वळू. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला. त्या काळी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे दादरच्या घरातच चालत आणि सरस्वतीबाई फाळके त्यांत बरोबरीने राबत. या संकलनात 'मेमरी' नावाचा वेगळा पदार्थ नव्हता. फिल्मची पट्टी हीच स्मृती, आणि कात्री तिच्यावरच चालायची. ३५ मिमीची हजार फुटांची फिल्म ध्वनिपटाच्या गतीने अकरा मिनिटे चाले. संकलकाच्या हाती एका वेळी तेवढेच. बाकीचे तुकडे कापडी पिशवीवर अणकुचीदार खिळ्यांना टांगलेले असत आणि कोणता तुकडा कुठे आहे हे संकलकाच्या डोक्यात किंवा वहीत असे. जागा अपुरी पडली म्हणून यंत्र थांबत नसे. पण जी गोष्ट कापली आणि जपली नाही, ती कायमची जाई.

या व्यवस्थेत विस्मरण स्वस्त होते. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले अगदी थोडे, तेही बहुधा अपुरे, आज उरले आहेत. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे उपलब्ध आहेत ती १९१३ची की १९१७च्या दुसऱ्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी गावोगावी फिरून रिळे जमवली; तरीही जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेटवरच्या अनेक जुन्या रिळांची राख झाली. आगीला काही उपाय नव्हता, असे म्हणता येईल. परंतु ब्रिटनच्या बीबीसीने १९६०-७०च्या दशकांत आपले कार्यक्रम पुसून त्याच फितींवर नवे मुद्रण केले, ते जाणूनबुजून. फीत महाग, कपाट लहान, आणि जुने पुन्हा कोण पाहणार, असा तो हिशेब होता. जागेसाठी स्मृती खर्ची घालण्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

संगणक संकलनात आला तो या हिशेबाला उत्तर म्हणून. १९७१ मध्ये अमेरिकेत सीएमएक्स ६०० हे यंत्र निघाले. त्याच्या एका तबकडी-संचावर कमी प्रतीचे, काळेपांढरे असे जेमतेम पाच मिनिटांचे चित्रण मावे. एवढ्या तुटपुंज्या जागेत चित्रपट कसा जोडायचा? उत्तर साधे आणि दूरगामी होते. यंत्रात ठेवायची ती हलकी नक्कल. मूळ फीत कपाटातच राहील. संकलक नकलेवर निर्णय घेईल आणि यंत्र फक्त त्या निर्णयांची यादी करेल : अमुक फितीतला अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंतचा भाग, त्यानंतर तमुक. १९८९ मध्ये ॲव्हिडचे यंत्र आले, १९९५ च्या सुमारास डीव्ही कॅमेरे आले, आणि तालुक्याच्या गावी लग्नाचे चित्रण घरच्या संगणकावर जोडले जाऊ लागले, तरी हे तत्त्व बदललेले नाही. आज आपण ज्याला प्रोजेक्ट फाइल म्हणतो ती आकाराने लहान असते, कारण तिच्यात चित्र नसतेच. चित्र कुठे आहे याची आठवण असते. कात्री मूळ पट्टीपासून दूर राहिली, हे या यंत्राचे मोठे देणे होय.

मग मेमरी अपुरी पडते ती कोणती? येथे शब्दाने घोटाळा केला आहे. चित्रण साठते ती हार्ड डिस्क निराळी आणि काम चालू असताना जे क्षणभर हाताशी धरावे लागते ती रॅम निराळी. जात्याच्या भाषेत सांगायचे तर कणगी वेगळी आणि मूठ वेगळी. कणगीतले धान्य कमी केले म्हणून मूठ मोठी होत नाही. स्टुडिओतल्या तरुणाची पुसापुशीची सूचना या एका भेदाअभावी चुकत होती. डिस्क काठोकाठ भरली असेल तर जागा करणे इष्टच, कारण रॅम अपुरी पडल्यावर संगणक डिस्कचाच उसना आधार घेतो. पण ती जागा मूळ चित्रण पुसून करायची नसते, तात्पुरत्या फाइली पुसून करायची असते.

मुठीचा आकार काही काळ यंत्राच्या रचनेनेच बांधलेला होता. ३२ बिटांच्या संगणकाला ४ जीबीपलीकडची मेमरी सरळ मोजताच येत नसे आणि विंडोजमध्ये एकेका सॉफ्टवेअरच्या वाट्याला सर्वसाधारणपणे २ जीबीच येत. शिवाय मोठ्या चित्राला सलग जागा लागे. बऱ्याच वेळच्या कामानंतर मोकळी जागा विखुरलेली असे आणि एकूण शिल्लक पुरेशी असूनही मेमरी नसल्याचा निरोप येई. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की काम होई, ते यामुळेच; त्यात चमत्कार नव्हता. २०१०-११ च्या सुमारास संकलनाची प्रमुख सॉफ्टवेअरे ६४ बिटांवर गेली आणि ही भिंत हटली. त्यानंतरही तो निरोप येत राहिला, कारण मूठ वाढली तसा घासही वाढला.

त्या रात्री आम्ही अखेर ओव्या कापण्याऐवजी दोष शोधण्याचे ठरवले. रीत जुनीच आहे. जुळणीची नक्कल करून तिचे दोन भाग केले. पहिला भाग विनातक्रार तयार झाला, दुसरा अडला. अडलेल्याचे पुन्हा दोन भाग केले. असे करत करत आम्ही ज्या जागी पोहोचलो, तेथे एकही ओवी नव्हती. शेवटच्या वीस सेकंदांत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वहीची चाळीस पाने पडद्यावर एकदम पसरून दाखवली होती. ही हौस आमची. पाने आम्हीच स्कॅन केली होती, चांगली दिसावीत म्हणून इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात. डिस्कवर ती फाइल लहान दिसे, कारण ती आवळून ठेवलेली असते. पण पडद्यावर आणण्यासाठी ती उलगडावी लागते, आणि तेव्हा ए-४ आकाराचे एक पान ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे १३९ एमबीचे होते. चाळीस पाने साडेपाच जीबीच्या पुढे गेली. संगणकात होती एकूण ८ जीबी, आणि तीतही इतरांचा वाटा. पाने पडद्यावर बोटभर दिसत होती. यंत्र मात्र प्रत्येक पान पुरते उलगडून बसत होते.

त्या पानांच्या इंचाला १५० ठिपके अशा नकला केल्या. भार एकदम सोळाव्या हिश्शावर आला आणि चित्रण पहिल्याच खेपेला पूर्ण झाले. पडद्यावर फरक कोणालाही दिसला नाही. मोठी स्कॅन आम्ही जपून ठेवली, कारण ती अभ्यासासाठी लागणार होती, पडद्यासाठी नव्हे.

प्रत्येक वेळी दोष स्थिरचित्रातच असेल असे नाही. मोबाइलवरचे चित्रण फार आवळलेले असते. त्यातली एक चौकट उलगडण्यासाठी मागच्या-पुढच्या अनेक चौकटी धरून ठेवाव्या लागतात, आणि ४के आकाराची एक चौकट उलगडल्यावर सुमारे ३३ एमबी भरते. अशा वेळी संकलनासाठी सोप्या बांधणीची नक्कल करून घेणे हिताचे. कधी ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी संपते. तेव्हा त्याची मदत तात्पुरती बंद करून काम हळू पण सुरळीत होते. कधी एखादी फाइलच बिघडलेली असते. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. चाळीस मिनिटांचे तीस मिनिटे केल्याने बहुधा काहीच साधत नाही, कारण यंत्राला संपूर्ण चित्रण कधीच एकदम धरावे लागत नाही. त्याला त्या क्षणापुरतेच धरावे लागते. अडचण लांबीची नसून एका क्षणी घातलेल्या वैरणीची असते.

सात ओव्या कापल्या असत्या तरी तो निरोप आलाच असता. मग आणखी सात कापल्या असत्या. बाया गेल्या असत्या आणि आमची पाने राहिली असती. लोकसाहित्याच्या संकलनात हे यंत्र येण्यापूर्वीही असेच घडत आले आहे. ग्रंथाची पृष्ठसंख्या आटोक्यात ठेवायची म्हणून ओवी गाळली जाते, संपादकाची प्रस्तावना राहते. गायिकेचे नाव वगळले जाते, संग्राहकाचे छापले जाते. जागा अपुरी आहे हे अनेकदा खरेही असते. पण ती कोणी व्यापली आहे, हे मोजून पाहण्याआधीच कोणाला काढायचे ते ठरलेले असते.

जात्यावर बसणारी बाई लिहीत नसे. शेकडो ओव्या ती एकदम आठवत नसे. दोन ओळींपुरती एक ओवी उलगडे, तिचा शेवट पुढच्या ओवीचे टोक हाती देई. पीठ होत जाई आणि गाणे पुढे सरके. गंगूबाईंच्या आवाजातला वनवास असाच दोन-दोन ओळींनी आपल्यापर्यंत आला आहे. त्या रात्रीपासून आम्ही विद्यार्थ्यांना चित्रण करायला पाठवतो तेव्हा तीन गोष्टी आधी लिहून देतो : मूळ फाइल निदान दोन निराळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय संकलनाला हात लावायचा नाही, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तारीख त्या फाइलीसोबतच नोंदवायची, आणि यंत्राने मेमरी नसल्याचे सांगितले, तर पहिल्यांदा आपण स्वतः त्यात काय भरले आहे ते तपासायचे.