ई-जीवनसत्त्व आणि वृद्धांचे हृदय

ज्या औषधांनी रोग हटविले त्यांचा इतिहास मोठ्या अभिमानाने लिहिला जातो. ज्यांच्यावर लाखो लोकांनी वर्षानुवर्षे भिस्त ठेवली आणि जी अखेर निरुपयोगी ठरली, त्यांची कथा सहसा कोणी सांगत नाही. तथापि, औषधाची खरी परीक्षा कशी करावी हे माणूस अशा फसलेल्या औषधांपासूनच अधिक शिकला आहे. हृद्रोगाने पीडित वृद्धांना कित्येक वर्षे मोठ्या आशेने दिल्या गेलेल्या ई-जीवनसत्त्वाची कथा ही अशांपैकीच एक होय.

या कथेचा आरंभ हृदयापासून फार दूर झाला. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप हे उंदरांच्या आहाराचा अभ्यास करीत होते. ठरावीक कृत्रिम आहारावर ठेवलेल्या उंदरिणी गाभण राहत, पण गर्भ पोटातच नष्ट होई. आहारात हिरवा पाला, आणि पुढे गव्हाचा अंकुर मिळविला, की पिले सुखरूप जन्मत. या अज्ञात द्रव्याला ‘ई’ हे अक्षर मिळाले. १९३६ साली ते गव्हाच्या अंकुरतेलातून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि अपत्यजन्म व धारण या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे ‘टोकोफेरॉल’ असे नामकरण झाले. हृदयाचा या नावाशी काडीचाही संबंध नव्हता.

तो संबंध जोडला कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन शहरच्या शूट बंधूंनी. इव्हान शूट आणि विल्फ्रिड शूट हे दोघेही डॉक्टर. ई-जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात दिल्याने हृद्रोग्यांना आराम पडतो असे इव्हान शूट व त्यांचे सहकारी व्होगेलसांग यांनी १९४६ साली जाहीर केले. छातीतील कळ थांबली, जिना चढता येऊ लागला, असे सांगणारे रोगी होतेच. परंतु ज्यांना औषध दिलेच नाही अशांची तुलनेसाठी जोड त्या निरीक्षणांना नव्हती. हृद्रोगाची कळ आपोआपही कमीजास्त होते, आणि डॉक्टरच्या विश्वासाचा परिणाम रोग्याच्या मनावर होतोच. इतर वैद्यांनी लहान प्रमाणावर तुलना करून पाहिली तेव्हा लाभ आढळला नाही. वैद्यकसंस्थांनी शूट बंधूंचा दावा नाकारला; पण सामान्य लोकांच्या मनात तो जिवंत राहिला.

पुढे विज्ञानानेच या दाव्याला नवे बळ पुरविले. लोखंड गंजते, तेल खवट होते, ही ऑक्सिजनची किमया. शरीरातही अशाच क्रिया चालतात आणि वार्धक्य हे बव्हंशी त्यांचे फळ असावे, असा सिद्धान्त डेनहॅम हारमन यांनी १९५६ साली मांडला. १९८९ साली कॅलिफोर्नियातील डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विचार रक्तवाहिन्यांना लागू केला. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या मेदकणांवर ऑक्सिजनची प्रक्रिया झाली की रक्तवाहिनीच्या भिंतीतील भक्षक पेशी ते कण अधाशीपणे गिळतात, फुगतात, आणि तेथे मेदाचा थर साचू लागतो. ई-जीवनसत्त्व, क-जीवनसत्त्व आणि गाजरातील बीटा कॅरोटीन ही द्रव्ये ही प्रक्रिया रोखणारी. मग ती गोळीतून दिली तर रोगही रोखला जाईल, असे अनुमान साहजिकच निघाले.

१९९३ साली या अनुमानाला आकड्यांचा आधार मिळाला. अमेरिकेतील ८७,२४५ परिचारिका आणि ३९,९१० पुरुष आरोग्य-व्यावसायिक यांच्या दोन पाहण्यांत, अधिक ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृद्रोगाचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. १९९६ साली केंब्रिज येथील २,००२ हृद्रोग्यांच्या चाचणीत ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्राणघातक न ठरलेले हृदयविकाराचे झटके पुष्कळच कमी झाले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. उलट किंचित अधिकच भरले. पण आशेच्या भरात लोकांचे लक्ष पहिल्या आकड्याकडे गेले.

पाहणीत एक खोच असते. जो मनुष्य स्वखुशीने जीवनसत्त्वाची गोळी घेतो, तो बहुधा धूम्रपान टाळतो, फिरावयास जातो, भाजी-फळे खातो आणि वेळेवर डॉक्टरकडेही जातो. त्याचे हृदय गोळीने सुरक्षित राहिले की या सवयींनी, हे नुसत्या पाहणीतून निश्चित कळत नाही. कोणी गोळी घ्यावी हे माणसाच्या आवडीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि उरलेल्यांना दिसण्यात तशीच पण औषध नसलेली गोळी द्यावी, हाच त्यावरचा उपाय. तो केल्यावर पहिला धक्का फिनलंडमधून बसला. तेथील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील तशाच एका चाचणीत १९९६ च्या जानेवारीत गोळ्या मुदतीपूर्वीच बंद कराव्या लागल्या. निरुपद्रवी म्हणून दिलेल्या गाजराच्या रंगाने माणसे दगावत होती.

हृदयाचा प्रश्न निकालात काढण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. केरळात जन्मलेले, बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे ऑक्सफर्ड येथे संशोधन केलेले सलीम युसूफ हे ऑन्टॅरिओतील हॅमिल्टन येथे मॅकमास्टर विद्यापीठात कार्य करीत होते. शूट बंधूंनी ज्या प्रांतात हा दावा मांडला, त्याच प्रांतातून त्याची कसोटी घेतली गेली. १९ देशांतील ५५ वर्षांवरील ९,५४१ व्यक्ती निवडण्यात आल्या. हृदयविकाराचा धोका असलेली ही मंडळी होती. निम्म्यांना रोज ४०० एकके ई-जीवनसत्त्व देण्यात आले. सरासरी साडेचार वर्षांनंतरचा हिशेब २००० साली प्रसिद्ध झाला. झटका, पक्षाघात किंवा हृद्रोगाने मृत्यू यांपैकी काही ना काही घडलेले लोक जीवनसत्त्वाच्या गटात १६.२ टक्के, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १५.५ टक्के होते. लाभ शून्य. याच चाचणीत रामिप्रिल या औषधाचीही परीक्षा झाली. त्याने हे प्रमाण १७.८ वरून १४ टक्क्यांवर आणले. म्हणजे चाचणीची तुला बिघडलेली नव्हती. ज्या औषधात गुण होता तो तिने अचूक दाखविला.

२००२ साली ब्रिटनमधील २०,५३६ लोकांच्या चाचणीने यावर शिक्कामोर्तब केले. तीत ई, क आणि बीटा कॅरोटीन ही तिन्ही एकत्र पाच वर्षे देण्यात आली. गोळ्या रक्तात पोहोचल्या नाहीत असेही म्हणता येईना, कारण रक्तातील ई-जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट झाले होते. तरीही जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत १,४४६ आणि न घेणाऱ्यांत १,३८९ मृत्यू झाले. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतलाच होता. त्याच लोकांत कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या सिम्वास्टॅटिनने मात्र मृत्यूंची संख्या १,५०७ वरून १,३२८ वर आणली. २००५ साली युसूफ यांच्या गटाने आपल्या रोग्यांचा पाठपुरावा सात वर्षांपर्यंत नेला, तेव्हा ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण थोडे अधिकच आढळले. अखेर २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक-सेवा मंडळाने हृद्रोग व कर्करोग टाळण्यासाठी ई-जीवनसत्त्व व बीटा कॅरोटीन यांच्या गोळ्या घेऊ नयेत, अशी शिफारस केली.

यावरून फळे आणि पालेभाज्या व्यर्थ आहेत असा अर्थ कोणी काढू नये. अन्नातून मिळणारे जीवनसत्त्व शरीराला अत्यावश्यकच आहे, आणि ज्याला खरोखर त्याची उणीव आहे त्याला ते दिलेच पाहिजे. प्रश्न आहे तो ज्याच्या शरीरात ते पुरेसे आहे, अशा वृद्ध हृद्रोग्याच्या औषधांत आणखी एक गोळी वाढविण्याचा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला तिचे पैसे पडतात. तिच्या भरवशावर त्याने रक्तदाबाचे किंवा कोलेस्टेरॉलचे औषध टाळले, तर ती चूक प्राणावरही बेतू शकते.

शूट बंधूंच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी आपले रोगी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांतले कित्येक खरोखरच बरे वाटून घरी गेले होते. परंतु औषध न घेतलेला रोगीही तसाच घरी गेला असता काय, हा प्रश्न विचारण्यासाठी हजारो वृद्धांनी आपण काय गिळतो हे ठाऊक नसताना वर्षानुवर्षे रोज एक गोळी घेतली. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. आज एखादा डॉक्टर वृद्ध रोग्याच्या चिठ्ठीवरील एक नाव खोडतो आणि दुसरे ठेवतो, ते त्यांच्याच आधारावर.