निकट अंतरावरील पिस्तूल-प्रशिक्षण : शांघाय ते फ्लोरिडा

लपवून बाळगलेले पिस्तूल आणि हाताच्या अंतरावर आलेला हल्लेखोर हा आज अमेरिकेतील खासगी प्रशिक्षणवर्गांचा विषय असला, तरी या विद्येची मुळे शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत सापडतात. पोलिसांसाठी घडलेली ही पद्धती सामान्य नागरिकाच्या हाती जाताना तिच्यातील काय मागे पडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विल्यम फेअरबेर्न हे १९०७ मध्ये शांघाय नगरपालिका पोलीस दलात दाखल झाले. जपानी जुजुत्सूचे शिक्षण घेऊन त्यांनी १९२५ मध्ये ‘डिफेंडू’ हे निःशस्त्र आत्मरक्षणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. एरिक साइक्स यांच्यासह लिहिलेले ‘शूटिंग टू लिव्ह’ १९४२ मध्ये आले. त्यात साडेबारा वर्षांतील ६६६ सशस्त्र चकमकींचा आधार आहे. अंधारी गल्ली, काही पावलांचे अंतर आणि क्षणभराचा अवधी, अशा स्थितीत माशी जुळवून नेम धरणे अशक्य असते. म्हणून कमरेपासून, एका हाताने, अंगाच्या रोखाने गोळी झाडण्याचा सराव त्यांनी घडविला. साध्या वेषातील शिपायासाठी नळी कापलेले, चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग काढलेले रिव्हॉल्व्हरही त्यांनी सुचविले. येथे एक बाब नजरेआड करता येत नाही. हे दल परकीय करदात्यांच्या परिषदेला उत्तरदायी होते, शहरातील चिनी बहुसंख्येला नव्हे. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रस्त्यावर निदर्शकांवर गोळ्या झाडणाऱ्यांत चिनी शिपायांबरोबर आपल्या पंजाबातून नेलेले शीख शिपाईही होते. हुकूम मात्र ब्रिटिश अधिकाऱ्याचा होता. शांघायच्या शिपायाच्या गोळीमागे संस्था उभी असे.

दुसऱ्या महायुद्धात ही पद्धती ब्रिटिश कमांडो आणि अमेरिकी गुप्तहेर यांच्यापर्यंत पोहोचली. युद्धोत्तर काळात जेफ कूपर यांनी दोन्ही हातांनी, माशी पाहून नेम धरण्याचा आग्रह धरला आणि १९७६ मध्ये ॲरिझोनात शाळा काढली. नेमबाजी सुधारली खरी. पण फेअरबेर्न यांच्याकडे एकत्र असलेले मोकळे हात व पिस्तूल हे दोन विषय वेगळे झाले, असे माझे मत आहे.

हा दुरावा उघड केला तो सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी. चाकू घेतलेला मनुष्य २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, हे त्यांनी १९८३ मध्ये मांडले. (पुढे त्याचा ‘नियम’ झाला, गोळी झाडण्याचा परवानाच मिळाला, असा अर्थ काहींनी काढला. मूळ मांडणी सावधगिरीची होती.) सदऱ्याखालचे शस्त्र काढण्यास तेवढाच वेळ लागत असेल, तर हाताच्या अंतरावर प्रथम हल्लेखोराचा हात अडविणे, तोल राखणे आणि आपले शस्त्र हिसकावले जाऊ न देणे हेच शिकावे लागते. शिरस्त्राण घालून, रंगखुणेच्या काडतुसांनी झोंबाझोंबी करविणारे आजचे वर्ग या अर्थाने पुन्हा शांघायकडे वळले आहेत.

तथापि नागरिकामागे संस्था नसते. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब त्याला एकट्यालाच न्यायालयात द्यावा लागतो. फ्लोरिडाने १९८७ मध्ये लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने खुले केले, तेव्हा अर्जदाराकडून शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा पुरावा मागितला जाई. १ जुलै २०२३ पासून त्याच राज्यात परवान्याची सक्ती उरली नाही, आणि तिच्याबरोबर त्या पुराव्याचीही.