शेरीफचा बिल्ला आणि बिली द किड

सॅम पेकिन्पाच्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ (१९७३) या चित्रपटाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील बरेचसे मैत्री आणि विश्वासघात या दोन शब्दांभोवती फिरते. कथा तशी दोन ओळींची आहे. पूर्वी एकत्र पुंडाई केलेल्या दोघांपैकी एक जण शेरीफ होतो आणि दुसऱ्याला संपवण्यासाठी निघतो. परंतु एवढ्यावर थांबणारे वाचन आम्हांस अपुरे वाटते. गॅरेटच्या विवेकाचा प्रश्न चित्रपटात आहेच. त्यामागे इतिहासातून आलेला आणखी एक प्रश्न उभा आहे. माणूस कायद्याच्या आत की बाहेर, हे ठरवणारा कागद कोणाच्या कचेरीतून निघत होता? त्याचे उत्तर शोधण्यासाठी न्यू मेक्सिको प्रांतातील लिंकन परगण्यात, १८७८ सालात जावे लागते.

लिंकन हे तेव्हा एकाच रस्त्याचे गाव होते. तेथील व्यापार लॉरेन्स मर्फी आणि जेम्स डोलन यांच्या पेढीच्या मुठीत होता. लोक तिला नुसते ‘हाउस’ म्हणत. लष्करी ठाण्याला पुरवठा करण्याचे ठेके तिच्याकडे, शेतकऱ्यांना उधारी तिचीच, आणि शेरीफ विल्यम ब्रेडी हाही तिच्याच बाजूचा. जॉन टन्स्टल नावाच्या तरुण इंग्रजाने वकील अलेक्झांडर मॅक्स्वीन याच्या साथीने प्रतिस्पर्धी दुकान थाटले. गुरांचा बडा मालक जॉन चिझम त्यांच्या पाठीशी होता. १८ फेब्रुवारी १८७८ रोजी टन्स्टलचा खून झाला. तो करणारी माणसे शेरीफने जप्तीसाठी पाठवलेल्या अधिकृत तुकडीतली होती.

टन्स्टलच्या नोकरांत बिली हा विशीतही न पोहोचलेला पोरगा होता. या नोकरांनी प्रथम जे केले ते कोणत्याही दंतकथेत फारसे शोभून दिसत नाही: ते न्यायाधीशाकडे गेले. जॉन विल्सन या स्थानिक न्यायाधीशाने त्यांचा मुकादम डिक ब्रूअर याला विशेष कॉन्स्टेबल नेमले, खुन्यांच्या नावे वॉरंट दिली आणि बाकीच्यांना त्याचे सहायक केले. म्हणजे बिली द किड काही दिवस रीतसर कायद्याचा माणूस होता. ९ मार्चला गव्हर्नर सॅम्युअल ॲक्स्टेल यांनी जाहीरनामा काढून विल्सनची नेमणूकच बेकायदा ठरवली, आणि त्याबरोबर त्याने दिलेले अधिकारही हवेत विरले. त्याच दिवशी या मंडळींनी पकडलेल्या दोन कैद्यांना ठार केले होते. कैदी पळू पाहत होते, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे असण्याचाच संभव अधिक. तेव्हा त्यांना निरपराध ठरवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तीच माणसे, त्याच बंदुका आणि तेच काम एका कागदाने कायदेशीर झाले आणि दुसऱ्या कागदाने गुन्हा, एवढे ध्यानात ठेवावे. १ एप्रिलला त्यांनी ब्रेडीला भर रस्त्यात दबा धरून मारले, आणि मग परतीची वाट उरली नाही.

आता गॅरेट. इतिहासातला गॅरेट पुंड नव्हता. तो गव्यांची शिकार करणारा, पुढे फोर्ट समनर येथे दारूच्या गुत्त्यावर काम करणारा उंच, अबोल माणूस. बिलीला तो ओळखत होता. पण दोघे जिवलग सोबती असल्याचा पुरावा अगदी तोकडा आहे. नोव्हेंबर १८८०च्या निवडणुकीत चिझमसारख्यांच्या पाठबळावर तो शेरीफपदी निवडून आला. डिसेंबरात त्याने बिलीला पकडले. ब्रेडीच्या खुनाबद्दल फाशी सुनावलेला बिली २८ एप्रिल १८८१ रोजी दोन पहारेकऱ्यांना मारून निसटला. आणि १४ जुलैच्या रात्री पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत गॅरेटने त्याला गोळी घातली.

गॅरेटला पुंडाईचा भूतकाळ दिला तो चित्रपटाने (आणि त्याआधीच्या दंतकथेने). पण असा भूतकाळ खरोखर असलेला एक कायद्याचा रक्षक इतिहासात होऊन गेला. हेन्री ब्राउन हा बिलीच्याच टोळीतला, ब्रेडीवर दबा धरणाऱ्यांतला. न्यू मेक्सिको सोडून तो टेक्सासात डेप्युटी शेरीफ झाला आणि १८८२ साली कॅन्सासमधील कॉल्डवेल गावी पोहोचला. गुरांच्या व्यापारावर पोसलेले ते दंगेखोर गाव त्याने असे वठणीवर आणले, की १८८३च्या नववर्षदिनी गावकऱ्यांनी त्याला नाव कोरलेली विंचेस्टर रायफल भेट दिली. मार्च १८८४ मध्ये त्याने लग्न केले. महिनाभराने, ३० एप्रिल रोजी, आपल्या डेप्युटीला आणि दोन गुराख्यांना घेऊन त्याने मेडिसिन लॉज गावची बँक लुटण्याचा प्रयत्न केला. बँकेचा अध्यक्ष आणि रोखपाल मारले गेले. दरोडेखोर पावसाने तुंबलेल्या घळीत अडकले आणि त्याच रात्री जमावाने तुरुंग फोडला. पळू पाहणारा ब्राउन गोळ्यांनी मेला, उरलेल्या तिघांना झाडाला टांगले. मरण्यापूर्वी त्याने बायकोला पत्र लिहिले होते.

पेकिन्पाने ब्राउनवर चित्रपट केला नाही, याची आम्हांस हळहळ वाटते. पण त्याचा गॅरेट (जेम्स कोबर्न) जवळपास त्याच जातीचा आहे, आणि रुडॉल्फ वुर्लिट्झरच्या पटकथेत त्याचा भूतकाळ माणसांच्या रूपाने एकामागून एक भेटत जातो. शेरीफ बेकरला (स्लिम पिकन्स) घरामागे बांधत असलेल्या होडीतून हा मुलूख सोडून जायचे आहे. गॅरेटसाठी तो एका चकमकीत उतरतो, पोटात गोळी खातो आणि नदीकाठी जाऊन बसतो. बॉब डिलनचे ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ हे गाणे तेथे येते. अलामोसा बिलला (जॅक इलम) गॅरेट जवळजवळ जबरीने डेप्युटी करतो. बिलीशी त्याचे द्वंद्व ठरते, दहा पावलांचे. आणि मोजणी संपण्याआधी दोघेही फसवतात. वेस्टर्न चित्रपटांनी पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानलेल्या द्वंद्वाची अशी बोळवण आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

बिल्ला कोणाकडून येतो, हेही चित्रपट लपवीत नाही. गव्हर्नर ल्यू वॉलेस (जेसन रोबार्ड्स) यांच्या घरी दोन धनिक गॅरेटपुढे पाचशे डॉलर ठेवतात. तो ते शिवी देऊन झिडकारतो. काम मात्र करतोच. खऱ्या गॅरेटला ही चैन परवडली नव्हती: पाचशेच्या इनामासाठी त्याला खेटे घालावे लागले, आणि १८८२ साली प्रांताच्या विधिमंडळाने कायदा केला तेव्हा कुठे ते हाती पडले.

चित्रपटात दोष पुष्कळ आहेत. क्रिस क्रिस्टॉफरसन छत्तिशीचा आहे, बिली मेला तेव्हा सुमारे एकवीस वर्षांचा होता. स्त्रिया बहुधा शोभेपुरत्या. डिलनला डब्यांवरची लेबले मोठ्याने वाचायला लावणारा प्रसंग आम्हांस आजही अवघडवतो. तथापि खरी इजा बाहेरून झाली. एम-जी-एम कंपनीने चित्रपट दिग्दर्शकाच्या हातून काढून घेऊन १०६ मिनिटांचा करून प्रदर्शित केला. काय कापले ते पाहण्यासारखे आहे. चिझमचा प्रसंग गेला, म्हणजे पोशिंदाच पडद्यावरून नाहीसा झाला. आणि आरंभीची चौकट गेली. तीत १९०९ साली लास क्रूसेसजवळ म्हातारा गॅरेट मारला जातो, ज्यांच्यासाठी त्याने बिलीला संपवले त्यांच्याच माणसांकडून. त्या दृश्यात १८८१ची दृश्ये मिसळलेली आहेत: गळ्यापर्यंत पुरलेल्या कोंबड्यांवर बिली आणि त्याचे सोबती नेम धरत आहेत, गॅरेटही येऊन बार टाकतो, आणि संकलन असे की त्या गोळ्या अठ्ठावीस वर्षे ओलांडून म्हाताऱ्या गॅरेटला लागत आहेत. ही चौकट काढली की उरतो तो दोन मित्रांचा शोकान्त. मैत्री-विश्वासघाताच्या वाचनाचे मूळ बहुधा येथेच असावे. पेकिन्पा १९८४ साली वारला. त्याच्या प्रतीच्या जवळ जाणारी आवृत्ती १९८८ साली लोकांपुढे आली, आणि त्यानंतर आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

शेवटी बिलीला मारल्यावर गॅरेट आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर गोळी झाडतो. पो नावाचा मदतनीस बिलीचे चाप ओढणारे बोट कापू पाहतो, तेव्हा तो त्याला लाथाडतो. सकाळी घोड्यावरून निघताना एक लहान मुलगा त्याच्यामागे धावत दगड मारतो. गॅरेट मागे वळून पाहत नाही.

खरा गॅरेट २९ फेब्रुवारी १९०८ रोजी मेला, आपल्या जमिनीवर दुसऱ्याने चारलेल्या शेळ्यांवरून झालेल्या वादात, गाडीतून लघुशंकेसाठी उतरला असता, डोक्यात मागून गोळी लागून. वेन ब्रेझल याने आपणच ती झाडल्याचे सांगितले. १९०९ साली न्यायालयाने, स्वसंरक्षणार्थ झाडली असे मानून, त्याला सोडून दिले.