दिनविशेष : १ जानेवारी
दोन संपादक, दोन आडनावे, नाते बापलेकाचे

१ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' साप्ताहिक सुरू केले. सत्यशोधक विचारांचे हे पहिले वृत्तपत्र. पैशाची चणचण कायमचीच. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेटाने चालवले.

भालेकरांचा मुलगाही संपादक झाला, पण आडनावावरून ते कळत नाही. मुकुंदराव दत्तक गेले आणि पाटील झाले. १९१० मध्ये भालेकर निवर्तले. त्याच वर्षी मुकुंदरावांनी 'दीनमित्र' सुरू केले आणि नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते १९६७ पर्यंत चालवले. तिथे छापखाना, कागद, टपाल, सगळ्याचीच ओढाताण. तरीही शेतकऱ्याचे कर्ज, सावकारी, भिक्षुकशाही यांवर त्यांची लेखणी थांबली नाही. कुलकर्ण्यांच्या कारभारावरचे त्यांचे 'कुलकर्णी लीलामृत' तर गाजलेच.

वृत्तपत्राच्या इतिहासात पुण्या-मुंबईची नावे आधी येतात. तरवडीचे नाव त्यांच्याच रांगेत, मानाने घ्यायला हवे.