साडेपाचची कॉफी

इंग्लंडातल्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या लाल, लोखंडी टपालपेट्या तुम्ही सिनेमात किंवा फोटोत नक्की पाहिल्या असतील. ब्रिटनच्या टपालखात्यात रस्त्यावरच्या पेटीची सूचना ज्याने केली तो अँथनी ट्रॉलप हा खात्यातलाच एक अधिकारी. फ्रान्समध्ये अशा पेट्या वापरतात हे त्याच्या कानावर होतं. त्याच्या शिफारशीवरून १८५२ साली जर्सी बेटावर अशा पेट्या बसवून पाहिल्या, आणि पुढे त्या देशभर पसरल्या.

पण इंग्रजी वाचणाऱ्यांना ट्रॉलप माहीत असतो तो वेगळ्याच कारणासाठी. या गृहस्थाने कादंबऱ्या लिहिल्या. थोड्याथोडक्या नाही, ४७! आणि त्यातल्या बऱ्याचशा पूर्ण वेळ नोकरी करता करता.

आता हा विषय काढायचं कारण. दिवस कसा आखावा, कामांच्या याद्या कशा कराव्यात, सकाळी किती वाजता उठावं, यावर हल्ली पुस्तकांचा आणि फोनवरच्या ॲप्सचा पाऊस पडतो. आमच्या संशोधनाच्या धंद्यात तर काम सुरू व्हायच्या आधी त्याचा तक्ता तयार असावा लागतो: कुठल्या आठवड्यात काय, कुठल्या महिन्यात काय. असल्या लिखाणात ट्रॉलपचं उदाहरण हमखास येतं. मात्र ते बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून आज दोन्ही.

ट्रॉलपचा जन्म १८१५ चा, लंडनचा. १८३४ साली तो लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत कारकून म्हणून चिकटला. तिथली त्याची पहिली वर्षं कुणी आदर्श म्हणून सांगावीत अशी अजिबात नव्हती. अनियमितपणाबद्दल त्याची ख्याती होती, वरिष्ठांशी पटत नव्हतं, डोक्यावर कर्ज होतं. १८४१ मध्ये तो आयर्लंडला बदली मागून गेला आणि तिथे त्याची गाडी रुळावर आली. घोड्यावरून गावोगाव हिंडायचं, टपालाच्या तक्रारी तपासायच्या, हे काम त्याला मनापासून आवडलं.

१८५१ पासून साधारण दोन वर्षं त्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात खेडोपाडी टपाल पोचवण्याचे मार्ग आखले. कुठल्या पोस्टमनने कुठून निघायचं, कुठली वाडी आधी घ्यायची, परत कुठे यायचं. पोस्टमनला दिवसाला १६ मैलांपेक्षा जास्त चालायला लावायचं नाही असा नियम होता. त्या १६ मैलांत जास्तीत जास्त घरं बसवणं हे ट्रॉलपचं काम. म्हणजे बघा, स्वतःचा दिवस आखण्याबद्दल प्रसिद्ध झालेला हा माणूस पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे दिवस आखत होता.

१८५९ साली तो लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला राहायला आला. तिथला त्याचा दिनक्रम त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलाय. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं. तीन तास काम. त्यातला पहिला अर्धा तास आदल्या दिवशी लिहिलेलं वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. न्याहारीपर्यंत लेखकाचा दिवस संपलेला, पुढचा दिवस टपालखात्याचा.

प्रत्येक नवी कादंबरी घेताना तो एक वही करत असे, आठवड्यांमध्ये विभागलेली. पुस्तक किती दिवसांत संपवायचं ते आधी ठरवायचं आणि रोज किती पानं झाली ते त्यात टाकायचं. पान म्हणजे मोजून २५० शब्द. एखाद दिवस आळसात गेला तर ती रिकामी जागा वहीत डोळे वटारून बघत बसायची.

आता इंजिनियर माणसाला आकडे दिले की तो हिशोब करणारच. वाचनाचा अर्धा तास वजा जाता अडीच तास उरतात, म्हणजे दहा पाव तास. दहा गुणिले २५० म्हणजे २५०० शब्द, म्हणजे दिवसाला दहा पानं. पण आठवड्याचं त्याचं सरासरी उद्दिष्ट किती होतं? सुमारे ४० पानं. कधी २० इतकं कमी, एकदा ११२ पर्यंत गेलेलं, पण सरासरी ४०. म्हणजे पूर्ण वेगाने चार सकाळींचं काम त्याने सात दिवसांवर पसरलं होतं. उरलेले तीन दिवस प्रवासाला, आजारपणाला, न सुचण्याला. घड्याळाची गोष्ट सगळे सांगतात, ही मोकळी ठेवलेली जागा सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते त्याची वही वर्षानुवर्षं टिकली ती या जागेमुळे. आपण यादी करतो ती आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाच्या मापाने, आणि मग बुधवारपर्यंत ती कोलमडते.

ट्रॉलप १८८२ च्या डिसेंबरात वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने आत्मचरित्र छापलं. त्यात हे सगळं होतं. शिवाय लेखणीवर एकूण किती मिळवले त्याचा तक्ताही होता: ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग आणि ५ पेन्स. पेन्ससुद्धा सोडले नव्हते! अनेकांना हे रुचलं नाही. कादंबरी म्हणजे प्रतिभेचा स्फोट वगैरे अशी समजूत असताना, हा माणूस लेखकाची तुलना चांभाराशी करतो, लिहायला प्रेरणेपेक्षा बूड खुर्चीला चिकटणं गरजेचं म्हणतो! पण नोकरी सांभाळून काही करू पाहणाऱ्या कुणालाही हे वाचून धीर येईल.

इथपर्यंतची गोष्ट नेहमीची. आता उरलेली अर्धी.

साडेपाचला ट्रॉलप टेबलाशी असे, कारण त्याआधी त्याला कुणीतरी उठवत असे. घोड्यांची देखभाल करणारा त्याचा जुना आयरिश नोकर, बार्नी. रोज पहाटे कॉफी घेऊन मालकाला उठवायचं, या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. ट्रॉलप लिहितो की वॉल्थम क्रॉसच्या त्या सगळ्या वर्षांत बार्नीला कॉफी आणायला एकदाही उशीर झाला नाही, आणि आपल्या यशाचं ऋण इतर कुणाहीपेक्षा बहुधा त्याचंच जास्त असेल.

आता विचार करा. साडेपाचला कॉफी तयार हवी, तर बार्नी किती वाजता उठत असेल? इंग्लंडच्या हिवाळ्यात आठ वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. चूल पेटवायची, पाणी तापवायचं, मग दिवसभर घोडे. उत्पादक दिवसाच्या पुस्तकांत ट्रॉलपचं घड्याळ येतं, बार्नी येत नाही.

आणि एकटा बार्नीच नाही. टपालखात्याच्या कामासाठी ट्रॉलपला आगगाडीने सतत हिंडावं लागे. तो वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्याने मांडीवर ठेवायची एक छोटी पाटी करून घेतली आणि डब्यात पेन्सिलीने लिहू लागला. १८५७ ची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही त्याची गाजलेली कादंबरी बरीचशी अशीच लिहिली गेली. ते पेन्सिलीचं लिखाण शाईने उतरवून कोण काढत असे? त्याची बायको, रोझ.

गरिबांच्या वस्तीत बार्नी परवडत नसे, पण गिरणी-गोदीत वेळेवर पोचणं भाग होतं. म्हणून इंग्लंडातल्या औद्योगिक गावांत लोकांना उठवण्याचा एक धंदाच होता. लांब काठी घेऊन पहाटे खिडक्या ठोठावत फिरायचं, आठवड्याला ठरलेले पेन्स घ्यायचे. पूर्व लंडनमधल्या मेरी स्मिथ नावाच्या बाईंचा फोटो प्रसिद्ध आहे. त्या नळीतून खिडकीवर वाळके वाटाणे फुंकत, आठवड्याला सहा पेन्स घेऊन. विसाव्या शतकातही हा धंदा बरीच वर्षं चालू होता.

लंडनमधला आणखी एक दिनक्रम मराठी वाचकांना सांगायला हवा. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. अभ्यास पुन्हा सुरू करायला चार वर्षांची सवलत मिळाली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन, ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. धनंजय कीरांच्या चरित्रात त्यांचा दिवस आहे: सकाळीच ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं, दुपारचं जेवण टाळून ते बंद होईपर्यंत वाचायचं, रात्री बिऱ्हाडी भुकेला कपभर दूध आणि भाजलेले पापड, आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. खोलीतला सोबती झोपायला सांगे, तर आपल्याकडे ना पैसा ना वेळ, असं त्यांचं उत्तर. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यांच्या दिवसात ट्रॉलपचे मोकळे तीन दिवस नव्हते. ती चैन त्यांना परवडणारी नव्हती.

त्यांना कॉफी आणून द्यायलाही कुणी नव्हतं. पण त्या दिवसांचा भार आणखी कुणीतरी उचलत होतं. मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशात संसार चालवत होत्या. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात असताना घरचं दुखणंखुपणं, भाडं, किराणा, सगळं त्यांच्यावर. रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. बाबासाहेबांनी १९४० चा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि हालअपेष्टांत साथ देण्याची त्यांची तयारी तिथे शब्दांत नोंदवली. किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, आता तिथे स्मारक आहे. लंडनला कधी आलात तर जरूर बघा, आणि बघताना परळही आठवा.

ट्रॉलपची वही आणि मोकळी जागा ठेवण्याची त्याची युक्ती, दोन्ही घेण्यासारख्या आहेत. पण आपल्या घरात सकाळी नऊला ‘महत्त्वाचं काम’ घेऊन बसणाऱ्याच्या आधी डबा, दूध, पाणी, मुलांची शाळा हे कुणीतरी उरकलेलं असतं. त्या व्यक्तीच्या कामांची यादी बहुधा कुठेच लिहिलेली नसते. उद्याचा दिवस आखायला बसाल तेव्हा ती यादीही शेजारी मांडून बघा. काही कामं इकडून तिकडे हलवावीशी वाटतील.

आणि नाहीच हलवता आली, तर निदान ट्रॉलपइतकं तरी करावं. पाच पौंड वेळेवर द्यावेत, आणि पुस्तकात नोंद करावी.